माळावर चालू राहिलेला कॅमेरा

आमच्या धनकवडीच्या गच्चीवरून चांगल्या रात्री अकरा तारे दिसतात. मी मोजलेत. बारावा दिसला असं वाटतं, तेव्हा तो बहुधा विमान असतो.

गच्चीखालीच माझा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे, परीक्षेच्या अर्जाचे, लग्नाच्या बायोडेटाचे फोटो मी काढते. मागे पांढरा पडदा, पुढे स्टूल. सव्वीस वर्षं हेच चाललंय आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दोन वर्षांपूर्वी व्हिसाचा फोटो काढायला आलेल्या एका मुलीने मोबाइलवर मला आकाशगंगेचा फोटो दाखवला. "काकू, हा मी काढलाय," ती म्हणाली. त्या रात्री मला झोप लागली नाही. हेवा वाटला, दुसरं काय! कॅमेरा माझ्याकडे तिच्यापेक्षा चांगला होता. फक्त मी तो कधी वर केला नव्हता.

मग मी शिकले. तारे अंधुक असतात, म्हणून कॅमेऱ्याचं शटर वीस-पंचवीस सेकंद उघडं ठेवायचं. तो हलता कामा नये, म्हणून तिपाईवर घट्ट बसवायचा. रात्रभर आपोआप एकामागून एक फोटो काढत राहील असं त्याला सांगून ठेवता येतं. चंद्र नको, म्हणून अवस गाठायची. आणि मुख्य म्हणजे अंधार हवा. तो पुण्यात मिळत नाही.

गेल्या चैत्रात, अवसेच्या आदल्या दिवशी, मी एकटीच निघाले. विलास, म्हणजे माझा नवरा, स्टुडिओ सांभाळायला मागे राहिला. "विंचूकाट्याचं बघ हं," असं काहीही तो म्हणाला नाही. तो म्हणाला, "चार्जर घेतलास का?"

कराड

पहिला मुक्काम कराडला, मंगलकडे. मंगल माझी कॉलेजची मैत्रीण. लग्न होऊन कराडला आली ती तिथलीच झाली. खंडाळा, खंबाटकीचा घाट, सातारा, उंब्रज हे सगळं एसटीच्या खिडकीतून मागे पडलं. दुपारी तिच्या ओट्यावर मी बॅग उघडली आणि पहिला घोळ लक्षात आला. कॅमेरा तिपाईवर अडकवायची चौकोनी पट्टी मी पुण्यातच विसरले होते. चार्जर मात्र दोन होते.

संध्याकाळी तरीही संगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, ते बघत बसायला संध्याकाळ कमी पडते. अंधार पडला तसा मी कॅमेरा घाटाच्या दगडावर टेकवून चार फोटो काढले. चारही केशरी आले. गावाचे दिवे, हायवेचे दिवे, पलीकडच्या काठावरच्या मंगल कार्यालयाची रोषणाई, सगळं आभाळाला जाऊन चिकटलं होतं.

"हे तर आमच्या गच्चीसारखंच," मी म्हटलं.

मंगलला ते लागलं. गाव तिचं आहे. घरी येऊन मटकीची आमटी वाढता वाढता ती म्हणाली, "तुला अंधारच पायजे ना? मग माझ्या मामाकडं जा. माण तालुक्यात. तिथं अंधाराला तोटा न्हाई."

तिच्या सासूबाई आतून म्हणाल्या, "अवसंचं कुनी माळावर जातं का गं?"

"आत्या, तिला अवसच लागती," मंगल म्हणाली, आणि मामाला फोन लावायला उठली.

माळ

कृष्णेचं खोरं सोडून पूर्वेला निघालं की ऊस संपतो. हळूहळू नाही, एका चढानंतर एकदम. डोळ्यांना हिरव्याची सवय झालेली असते आणि अचानक सगळं भाजलेल्या भाकरीच्या रंगाचं होतं. बोडके डोंगर, त्यांच्या माथ्यावर पवनचक्क्या, खाली दगड आणि कुसळं. मला वाटलं होतं, हे बघून उदास वाटेल. तसं झालं नाही. एवढं मोठं आभाळ मी दिवसाही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंगलचे मामा, दिनकरमामा, फाट्यावर जीप घेऊन उभे होते. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता शेती करतात. पायात कॅनव्हासचे बूट, नाड्या नसलेले. जीपचा हॉर्न वाजत नव्हता, म्हणून ते वळणावर हात बाहेर काढून दाराचा पत्रा थोपटायचे.

घरी मामींनी आधी माडगं दिलं. हुलगे, म्हणजे कुळीथ, भाजून दळतात आणि त्याचं पीठ गूळ घालून शिजवतात, ते माडगं. वाटी तोंडाला लावली तर आधी मिरमिरीत, मग गोड. पुण्यात पाहुण्याला आपण "चहा घेणार का?" असं विचारतो. इथे कुणी विचारलं नाही. वाटी हातात आली आणि संपल्यावर परत भरली.

जेवण झाल्यावर मी तिपाईच्या पट्टीची अडचण सांगितली. मामांनी कॅमेरा उलटा-सुलटा करून पाहिला, गोठ्यातून सायकलची जुनी ट्यूब आणली, तिच्या पट्ट्या कापल्या आणि कॅमेरा तिपाईला असा आवळून बांधला की मला तो हलवता येईना.

"फौजेत निम्मी कामं हिच्यावरच चालायची," ते म्हणाले. "आता चला. रात्री जिथं बसायचं ती जागा दिवसा बघून ठेवायची असती."

गावापासून पाचेक किलोमीटरवर एक मोकळा माळ होता. त्याच्या पलीकडे डोंगराला एक खिंड, आणि खिंडीपलीकडे सांगली जिल्हा. माळावर एकच मोठं झाड, हिवराचं. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर एक पत्र्याचं घर आणि जाळीच्या वाघरात कोंडायची साठेक मेंढरं. घर धोंडिबा आणि हिराबाई यांचं. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारी माणसं. आता थोडी शेतीही करतात.

आम्ही गेलो तेव्हा हिराबाई कोल्ड्रिंकच्या बाटलीला रबरी निपल लावून एका कोकराला दूध पाजत होत्या. वय माझ्याएवढंच, पन्नाशीच्या आसपास. मामांनी माझी ओळख करून दिली. पुण्याच्या बाई, रात्री चांदण्यांचे फोटो काढणार, हिवरापाशी बसू द्याल का?

"बसू दे की. माळ काय माजा हाय व्हय?" हिराबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "पर रातीचं काय दिसनार फोटूत?"

मी समजावलं. अंधार जितका जास्त तितके तारे जास्त. म्हणून पुण्याहून अंधार शोधत आलेय.

त्यांनी कोकराला बाजूला केलं आणि मनापासून हसल्या. "आवं बाई, लाइट यावी म्हनून आमी किती वर्सं हेलपाटं घातलं. आत्ता कुठं बलप लागला. आन् तुमी अंधार हुडकत आलाय!"

दाराशी तो बल्ब होता, एकच, नवा, पत्र्याला तारेने बांधलेला. माझ्या फोटोत तो नेमका डाव्या कडेला येणार होता. पण त्याबद्दल बोलायची हिंमत मला झाली नाही.

धोंडिबांनी फक्त एक गोष्ट सांगितली. पंधरा दिवसांमागे लांडग्याने वाघराशेजारून कोकरू उचललं होतं. "तवा रातचं काय वाजलं तर भिऊ नका. म्या जागाच असतो."

रात्र

आठच्या सुमाराला मामांनी मला परत तिथे आणलं. जीप वस्तीपाशी लावून ते बाजेवर आडवे झाले. मी हिवरापासून वीस-पंचवीस पावलं मागे तिपाई उभी केली, कॅमेऱ्याचं तोंड आग्नेयेला, खिंडीकडे. मध्ये झाड, झाडामागे खिंडीकडे जाणारा रस्ता, आणि वर आभाळ.

आभाळाबद्दल काय लिहू? तारे दाट असतात हे मी वाचलं होतं. ते जमिनीपर्यंत खाली येतात हे मला माहीत नव्हतं. डोंगराच्या कडेला टेकलेला दिवा म्हणून मी ज्याच्याकडे बघत होते, तो दहा मिनिटांनी बोटभर वर आला.

हिराबाई जेवणं आटोपून माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्यांना ताऱ्यांची माझ्यापेक्षा वेगळी ओळख होती. सप्तर्षी म्हणजे त्यांच्या लेखी म्हातारीची बाज. चार तारे म्हणजे बाजेचे खूर, आणि मागचे तीन म्हणजे बाज चोरायला आलेले तीन चोर. मृगातला बाण पश्चिमेला कलला होता, ते त्यांचं तिकांडं.

"आन् ते धुरावानी पांढरं?" मी आकाशगंगेबद्दल विचारलं. "त्याला काय म्हणता?"

"ती अजून कुठं उगवलीय! ती मागल्या राती येती. माजी आजी तिला मेंढरांची वाट म्हनायची."

त्यासाठीच मी आले होते. ती मध्यरात्रीनंतर आग्नेयेला वर येणार होती. म्हणून कॅमेरा आधीच चालू करून तो पहाटेपर्यंत आपोआप चालू ठेवायचं मी ठरवलं होतं. साडेदहाला मी तो चालू केला. दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो. प्रत्येक वेळी मागे एक बारीक लाल दिवा लुकलुकायचा.

"आता ह्याला हात नाही लावायचा," मी हिराबाईंना म्हटलं. "उजेडही नको. नाहीतर फोटो बिघडतो."

त्या उठल्या, घराकडे गेल्या आणि मी बल्बचं नावही काढलं नसताना त्यांनी तो बंद केला.

अकरानंतर वारा सुटला. तिपाई थरथरतेय असं वाटलं, म्हणून तिच्या पायाशी टेकवायला मी दगड शोधू लागले. बॅटरी लावली तर फोटो बिघडेल, म्हणून चाचपडतच. एक दगड सापडला. त्याच्याखाली बोटं घातली आणि उचलणार तोच उजव्या हाताच्या मधल्या बोटात कुणीतरी तापलेली सुई खुपसली.

मी ओरडले असावे. हिराबाई धावत आल्या. मी मोबाइलचा उजेड दगडावर धरला. बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठा, तांबूस, शेपूट वर केलेला.

"इच्चू," त्या म्हणाल्या. मग आवाज एकदम बदलला. "तांबडा हाय. आवं, उठा! बाईस्नी इच्चू चावला!"

धोंडिबा आणि मामा दोघंही धावत आले. वेदना बोटातून मनगटात आणि मनगटातून कोपरात चढत होती. मी घड्याळ पाहिलं. अकरा सत्तावीस.

धोंडिबा म्हणाले, "पलीकडच्या वस्तीवर इच्चू उतरीवनारा हाय. म्या घिऊन येतो."

"कुनाला आनू नका." हिराबाईंचा आवाज असा होता की धोंडिबा जागच्या जागी थांबले. "माज्या जावंला असंच ठिवलं हुतं. उतरंल, उतरंल म्हनत ऱ्हायलो समदी. सकाळी ती न्हवती. गाडी काडा."

मामा जीपकडे पळाले. धोंडिबांनी मला आधार देऊन चालवलं, मग चालता येईना तेव्हा सरळ उचललं. माझं वजन कमी नाही. जीपमध्ये बसवताना मला एकदम आठवलं आणि मी म्हटलं, "कॅमेरा..." त्या क्षणी कॅमेऱ्याची काळजी करणारी बाई किती मूर्ख असेल! पण म्हटलं खरं.

हिराबाई जीपच्या दाराशी होत्या. "त्येला म्या बघती. तुमी जावा."

खिंडीपलीकडे

सगळ्यात जवळचं सरकारी रुग्णालय खिंडीपलीकडे होतं, सांगली जिल्ह्यात. मामा जीप हाणत होते आणि धोंडिबा मागे मला धरून बसले होते. मला दरदरून घाम फुटला. तळहात बर्फासारखे गार पडले. दोनदा उलटी झाली, त्यातली एक धोंडिबांच्या धोतरावर. मी माफी मागायला लागले तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. मेंढरात जलम गेला आमचा."

छातीत काहीतरी आवळल्यासारखं व्हायला लागलं आणि मी डोळे मिटले. मामांनी ते आरशात पाहिलं असणार.

"ताई, डोळे उघडा. समोर काचेतनं बघा. तो तांबडा तारा कुठला?"

"ज्येष्ठा."

"आन् त्याच्या वरचे तीन?"

"अनुराधा."

"पुढं?"

"मूळ. मूळ अजून वर यायचंय." मग माझ्या ध्यानात आलं आणि मला त्या अवस्थेतही हसू आलं. ज्येष्ठा, अनुराधा, मूळ हे सगळे आभाळातल्या वृश्चिकाच्या आकृतीतले तारे. मी ज्याचा फोटो काढायला आले होते, तो आभाळातला विंचूच होता. "मामा, तो विंचू आहे. वरचासुद्धा विंचूच आहे."

"असू दे. वरचा चावत न्हाई. डाव्या हाताला कोन हाय ते सांगा."

असं ते रुग्णालयापर्यंत विचारत राहिले. मी चुकले की म्हणायचे, "नीट बघा, नीट बघा." नंतर मला कळलं की त्यांना यातले बहुतेक तारे माहीत होते. सैन्यात रात्रीच्या चालीला तेच बघून दिशा ठरवायचे. मला जागं ठेवायचं, एवढाच त्यांचा हेतू होता.

ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होत्या. केस वर बांधलेले, डोळे झोपेने जड. मला बघताच त्यांची झोप उडाली.

"किती वाजता चावला?"

"अकरा सत्तावीस."

"इतकी नेमकी वेळ कुणी सांगत नाही," त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांनी नाडी, रक्तदाब, छाती तपासली. रंग विचारला. तांबडा म्हटल्यावर नर्सला काहीतरी भरभर सांगितलं. गोळी दिली, सुई लावली, नाकाला ऑक्सिजनची नळी जोडली. पुढचे दोन-तीन तास मला तुटक आठवतात. डॉक्टर दर थोड्या वेळाने येऊन छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकायच्या आणि प्रत्येक वेळी मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचे. तीनच्या सुमाराला एकदा ऐकून झाल्यावर त्यांनी तो गळ्यात टाकला आणि खुर्ची ओढून बसल्या. तेव्हा मला समजलं की आपण वाचलो.

"वेळेत आलात," त्या म्हणाल्या. "लोक आधी मांत्रिकाकडे जातात. मग आमच्याकडे येतात, तेव्हा फुप्फुसात पाणी झालेलं असतं. तुम्हाला इकडे आणायचं कुणी ठरवलं?"

मी भिंतीकडे तोंड केलं. मला रडू फुटलं होतं. उत्तर धोंडिबांनीच दिलं. ते पलंगाशी जमिनीवर बसले होते.

"आमच्या मंडळींनी," ते म्हणाले.

पुण्यात माझ्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत. चांगली माणसं आहेत, दिवाळीला फराळाची ताटं येतात-जातात. पण रात्री बारा वाजता मी कुणाचं दार वाजवलं असतं याचा विचार मी त्या पलंगावर पडून केला, आणि एक नाव ठरवायला मला फार वेळ लागला. दोष त्यांचा नसेल. मीही कधी कुणासाठी तशी उठलेली नाही. इथे तर दुपारी ओळख झालेली माणसं होती.

पहाटे विलासला फोन केला. तो म्हणाला, "मी निघतो." मी नको म्हटलं. तो निघालाच.

सकाळ

आठच्या सुमाराला मामा कॅमेरा आणायला आणि धोंडिबांना सोडायला वस्तीवर गेले. दोन तासांनी परत आले ते तिपाईसकट. ट्यूब तशीच आवळलेली. तिला कुणी हात लावला नव्हता.

"हिराबाई रातभर बसून हुती," ते म्हणाले.

"कुठे?"

"हिवराखाली. धोंडिबा आपल्यासंगं आलेला. मेंढरं एकटी, लांडग्याचं भ्या, आन् कॅमेऱ्याला म्या बघती म्हनून सांगितल्यालं. मग झाडाखाली बसली. तिथनं वाघर बी दिसतंय आन् कॅमेरा बी."

"बल्ब?"

"लावला न्हाई. लावला तर फोटू बिघडतो, असं तुमीच म्हनला हुता म्हनं."

मी कॅमेरा मांडीवर घेतला. बॅटरी संपली होती. विलास दुपारी पोहोचला, तेव्हा त्याने आणलेली दुसरी बॅटरी घातली आणि आम्ही दोघांनी मिळून पाहिलं.

साडेआठशेच्या आसपास फोटो होते. सुरुवातीचा तासभर ठीक, झाड आणि तारे. मग एका फोटोत मोबाइलचा पांढरा झोत, तीन-चार धूसर आकृत्या. मग जीपचे मागचे दिवे, पंचवीस सेकंदांत ओढली गेलेली तांबडी रेघ. पुढच्या फोटोत ती रेघ आणखी पुढे. पुढच्यात आणखी. खिंडीपर्यंत.

आणि त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत झाडाखाली एक माणूस.

कॅमेऱ्याचं तोंड कुठे आहे याचा हिराबाईंनी विचार केला नसावा. कॅमेरा नीट दिसावा म्हणून त्या त्याच्यासमोरच बसल्या होत्या. काळी आकृती, डोक्यावर पदर, गुडघ्यांना हातांची मिठी. जिथे त्या हलल्या तिथे नुसता धूर. जिथे हलल्या नाहीत तिथे ठळक. एका ठिकाणी उभ्या राहिल्यात, हात वर आहे, दगड भिरकावत असाव्यात. लांडगा खरंच आला होता की त्यांना तसं वाटलं, हे मी अजून विचारलेलं नाही. वर वृश्चिक चढत जातो, त्याची नांगी मोकळी होते, मग रात्री एकच्या पुढे त्याच्या मागोमाग ती मेंढरांची वाट उगवते, झाडाच्या फांद्यांतून धुरासारखी वर येते आणि खाली ती बाई तशीच बसलेली.

शेवटच्या काही फोटोंत फटफटायला लागलंय. तारे फिके होत जातात आणि तिचा चेहरा उजळत जातो. शेवटून तिसऱ्या फोटोत तो पूर्ण दिसतो. डोकं झाडाच्या बुंध्याला टेकलेलं, डोळे मिटलेले. त्या पंचवीस सेकंदांत ती जराही हललेली नाही. शेजारी ते बाटलीवरचं कोकरू आहे, त्याचं मात्र डोकं हललंय.

विलास म्हणाला, "हे तू काढलंस?"

"नाही," मी म्हणाले. "मी नव्हतेच तिथे."

पुन्हा तिथेच

बोट दहा दिवस बधिर होतं. पुढच्या अवसेला मी आणि विलास परत माणला गेलो. मामींसाठी मी पुण्याहून बाकरवडी नेली होती, आणि मामांसाठी काय न्यावं ते न सुचल्याने जीपचा हॉर्न. मामांनी तो दोन दिवस वाजवून वाजवून गाव उठवलं.

हिराबाईंसाठी दोन फोटो मोठे करून फ्रेम केले होते. एक तो पहाटेचा. दुसरा सगळ्या रात्रीचा, म्हणजे सगळे फोटो एकावर एक रचून केलेला. त्यात ताऱ्यांच्या तिरक्या रेघा झालेल्या, मध्ये हिवर, खाली त्या, आणि झाडामागून खिंडीपर्यंत गेलेली ती तांबडी रेघ.

फोटो द्यायच्या आधी मी त्यांना विचारलं, न सांगता तुमचा फोटो निघाला, चालेल ना? ठेवू का माझ्याकडे? नको म्हणाल तर पुसून टाकते.

"आदी बघू तर द्या," त्या म्हणाल्या.

पहाटेच्या फोटोकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. "झोप लागली हुती की मला," असं जरा ओशाळून म्हणाल्या आणि धोंडिबांच्या हातात दिला. दुसरा मात्र त्यांनी मांडीवर घेतला. बराच वेळ बघत राहिल्या. ताऱ्यांच्या रेघा त्यांना कळल्या नाहीत, मी सांगायला गेले तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी पदराने काच पुसली आणि तांबड्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही आपली गाडी व्हय?"

"हो. मामांची जीप. मागचे दिवे."

त्या रेघेवरून बोट फिरवत गेल्या. झाडामागून, माळावरून, वळणावरून, खिंडीपर्यंत. तिथे रेघ संपत होती. तिथे बोट थांबलं.

"हितवर दिसत हुती," त्या म्हणाल्या. "तवर म्या उबीच हुती. मग दिसंना झाली, तवा बसली."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी थोडा वेळ तसाच धरू दिला. मग माझं बोट उलटं करून पाहिलं, मधलं, पेरापाशी दाबून पाहिलं.

"दुकतंय?"

"नाही."

"मग ठिवा की फोटू," त्या म्हणाल्या, फ्रेम धोंडिबांकडे देऊन उठल्या. "बसा. भाकरी टाकती. आज काय हुडकायचं ते जेवून हुडका."